नवी पिकअप घेतलीय? रेडियमच्या आधी कडी-कोयंड्याचं बघा

शोरूममधून पिकअप बाहेर पडली की पहिल्या आठवड्यात पैसे तीन ठिकाणी जातात: रेडियमवाला, म्युझिक सिस्टिमवाला आणि वेल्डिंगवाला. कुलपाची आठवण होते ती बाजार समितीच्या गेटबाहेर स्टेपनी गेल्यावर. मग रंगवलेल्या हौद्याला पुन्हा वेल्डिंग, पुन्हा रंग, आणि तरी कडी वाकडीच बसते. गाडी सजवणं आणि गाडी राखणं ही दोन वेगळी कामं समजली की असं होतं. हौदा बांधताना बॉडीवाल्याला दोन वाक्यं जास्त सांगितली, तर निम्मी राखण तिथेच होऊन जाते.

हा लेख पहिल्यांदाच मालवाहू गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यांसमोर बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त या वर्गातल्या गाड्या आहेत. नारायणगावातून टोमॅटो भरून पहाटे वाशीला पोचणारी, परतताना किराणा किंवा खताची पोती आणणारी, आणि आठवड्यातल्या दोन-चार रात्री रस्त्यावरच उभी राहणारी गाडी.

आधी काटा, मग फॅब्रिकेटर

गाडी नवी कोरी असतानाच रिकामी काट्यावर चढवा आणि पावती जपून ठेवा. आरसी बुकात रिकामं वजन आणि एकूण वजन, दोन्ही आकडे असतात. या दोन आकड्यांमधल्या फरकावर तुमचा धंदा चालतो. हौद्याला जोडलेलं प्रत्येक लोखंड याच फरकातून वजा होतं.

हिशेब करून बघा. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट म्हणजे २० किलो माल आणि दीड-दोन किलोचं प्लास्टिक, मिळून २२ किलो धरू. १.३ टनी गाडीत १,३०० भागिले २२, म्हणजे ५९ कॅरेट. आता हौद्याच्या तळाला ३ मिलिमीटरची लोखंडी चेकर्ड प्लेट टाकली. ९ फूट बाय साडेपाच फूट म्हणजे सुमारे ४.६ चौरस मीटर. चौरस मीटरला २५ किलो धरले, तर ११५ किलो झाले. म्हणजे पाच कॅरेट गेली, तीही दर फेरीला, गाडी विकेपर्यंत. तीच प्लेट ॲल्युमिनियमची घेतली तर ४० किलोच्या आसपास बसते, म्हणजे दोन कॅरेटसुद्धा नाहीत. ॲल्युमिनियम महाग पडतं हे खरं. पण हलका माल नेणाऱ्याने लोखंडच घालावं आणि वजनाने विकला जाणारा माल नेणाऱ्याने ॲल्युमिनियमचा विचार करावा, असं माझं मत आहे. वाळू-खडी भरणाऱ्याला मात्र लोखंडाशिवाय पर्याय नाही.

‘एक पाटा वाढवून घे, मग दोन टन बिनधास्त भर,’ हा सल्ला तुम्हाला चहाच्या टपरीवर फुकट मिळेल. पाटा, म्हणजे मागच्या चाकावरची स्प्रिंगची पट्टी, वाढवल्याने मागचा भाग वर उचललेला दिसतो. ब्रेक, ॲक्सल, टायर आणि आरसीतला आकडा मात्र आहे तिथेच राहतात. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल हौद्याबाहेर आडवा, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर निघाला तरीही २०,०००. शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. रात्री दोन वाजता रस्त्याकडेला उतरवलेल्या टोमॅटोवर राखण कोण करणार?

कागदाला विचारल्याशिवाय पाना लावू नका

कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. ज्या बदलांना परवानगी मिळू शकते, तेही आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावे लागतात. गाडीचा रंग बदलणं याच दुसऱ्या प्रकारात येतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा: हौद्याची लांबी वाढवू नका, उंच जाळी किंवा बंद पेटी बसवायची असेल तर आधी आरटीओत विचारा, आणि बॉडीवाल्याचं पक्कं बिल घ्या. गाडी नुसती केबिन-चासी म्हणून घेतली असेल तर तात्पुरत्या नोंदणीवर हौदा बांधून, मग तपासणी करून कायमची नोंदणी होते. यात वेळ जातो, पण हौदा तुमच्या मनासारखा होतो. कर्जाची गाडी असेल तर फायनान्सवाल्यालाही कळवा, कारण कर्ज फिटेपर्यंत बोजा त्यांचा असतो.

पुढे लोखंडी गार्ड लावायचा मोह टाळा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. धडक बसली की तो गार्ड सगळा दणका थेट चासीवर पोचवतो, आणि समोर माणूस असेल तर विचारूच नका. काचांना काळी फिल्मही चालत नाही. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. नंबर प्लेट उच्च सुरक्षेची, तीही कंपनीने बसवलेली, तशीच ठेवा. ‘आईचा आशीर्वाद’ लिहायचं असेल तर हौद्यावर हवं तेवढं मोठं लिहा, पुढच्या काचेचा वरचा वीतभर भाग त्यात घालवू नका.

परमिटचंही बघून घ्या. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्यावर असेल तर लागतं. एकाच नावाच्या गाडीची वेगवेगळी मॉडेलं या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असतात, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. लायसन्सची चिंता मात्र कमी झाली आहे. ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं.

हौदा: इथे घाई नको

बॉडीवाल्याकडे जाताना तुमच्या मालाचं माप घेऊन जा. कॅरेटवाल्याने एक रिकामं कॅरेट सोबत न्यावं आणि हौद्यात आडवं-उभं लावून बघावं. दोन इंचांसाठी अख्खी एक रांग बसत नाही, असं पुष्कळदा होतं.

फाळक्यापासून, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेपासून, सुरुवात करा, कारण माल तिथूनच जातो. मूळ फाळक्याला दोन्ही बाजूंना कड्या असतात, हाताने वर उचलल्या की उघडल्या. थांबलेल्या गाडीचा फाळका उघडायला चोराला एक चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. दोन्ही कड्यांच्या आरपार भोक पाडून कुलूप बसेल अशी सोय करून घ्या. कडी-कोयंडा किमान ५ मिलिमीटर जाड पट्टीचा असावा, आणि तो हौद्याला बाहेरून स्क्रूने न लावता, गोल डोक्याचा बोल्ट बाहेर आणि नट आत, असा लावावा. नट आवळून झाला की आतून वेल्डिंगचा एक ठिपका द्या. बिजागरीची पिन दोन्ही टोकांना चेपून किंवा ठिपका देऊन पक्की करा, नाहीतर कुलूप जागेवर राहतं आणि फाळका दुसऱ्या बाजूने निघतो.

कुलूप घेताना आकड्याकडे बघा. ज्याचा आकडा उघडा आणि लांब, ते कटरने एका दाबात तुटतं. दुकानाच्या शटरला लावतात तसलं, आकडा जवळजवळ झाकलेलं कुलूप घ्या. कुलपावर बाटलीच्या रबराचा किंवा जुन्या ट्यूबचा एक पदर लटकवा, पावसाचं पाणी आत जात नाही. महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब. पावसाळ्यात गंजलेलं कुलूप पहाटे चार वाजता आडत्याच्या गाळ्यासमोर उघडत नाही, तेव्हा हमालांची जी बोलणी ऐकावी लागतात ती वेगळीच.

वरून ताडपत्री असते, तिला ब्लेड पुरतं. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली की मागून चढून ताडपत्री फाडणारे असतात, आणि ड्रायव्हरला मुक्कामी पोचेपर्यंत पत्ता नसतो. यावर उपाय ताडपत्रीच्या खाली करायचा. कमानींवर ५० मिलिमीटर चौकटीची, ३ मिलिमीटर तारेची वेल्डमेश जाळी बसवा. तिचं वजन चौरस मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे कॅरेटच्या हिशेबात नगण्य. भाजीला हवाही मिळते. जाळी कमानीला आतल्या बाजूने जोडा, म्हणजे बाहेरून टोक पकडून ओढता येत नाही. अर्थात, हे कमान-जाळीचं काम आरसीच्या हिशेबात बसतं का, ते वर सांगितल्याप्रमाणे आधीच विचारलेलं असावं.

किनारपट्टीवर आणि गोव्यात मासळी वाहणाऱ्यांचं दुखणं निराळं. बर्फाचं खारं पाणी तळाचा पत्रा वर्ष-दोन वर्षांत खातं, आणि गंजलेल्या पत्र्यातली कडी हाताने उपटता येते. तळाला उतार, पाणी जायला भोकं, आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं एवढं हवंच.

वेल्डिंगबद्दल एक गोष्ट नीट ऐका. आजच्या डिझेल गाड्या कॉम्प्युटरवर चालतात. वेल्डिंग सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्डिंग चाललंय तिथेच, जवळच्या लोखंडाला लावायचा. चिमटा पुढे बंपरला आणि वेल्डिंग मागे हौद्याला, असं केलं तर करंट मधल्या वायरिंगमधून आणि बेअरिंगमधून वाट काढतो. ईसीयूचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरचं, बिल बघून तो अख्खा हौदा स्वस्त वाटेल. चासीच्या मुख्य दांड्यांना वेल्डिंग करूच देऊ नका, भोकही पाडू देऊ नका. हौदा यू-बोल्ट आणि ब्रॅकेटवरच बसायला हवा.

चोर नेतो काय?

अख्खी गाडी कमी वेळा जाते. जातात त्या सुट्या वस्तू: स्टेपनी, बॅटरी, डिझेल, ताडपत्री, दोर, जॅक, आणि केबिनमधला मोबाइल किंवा पैशांची पिशवी.

स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते आणि तिचा स्क्रू ढिला करायला साधा पाना पुरतो. ८-१० मिलिमीटरची कडक पोलादाची साखळी डिस्कच्या भोकातून काढून चासीच्या आडव्या दांडीला गुंडाळा आणि कुलूप वरच्या बाजूला येईल असं लावा, म्हणजे कटर घालायला जागाच राहत नाही. साखळीवर जुनी ट्यूब चढवा, खडखडाट थांबतो. किल्ली केबिनमध्ये ठरलेल्या जागी ठेवा. पंक्चर झाल्यावर ती घरी राहिली असेल तर चोर परवडला.

बॅटरी बॉनेटवाल्या पिकअपला बॉनेटखाली असते, त्यामुळे केबिन बंद असेल तर बरीच सुरक्षित. छोट्या हत्तीच्या वर्गातल्या गाड्यांना ती चासीच्या बाजूला उघड्यावर असते. तिथे अँगलची चौकट करून, वरून आडवी पट्टी आणि कुलूप असा पिंजरा करून घ्या. टर्मिनलला पट्टी टेकणार नाही एवढं अंतर आणि मध्ये रबर हवं. डिझेल टाकीला चावीचं झाकण असेल तरी खालचा ड्रेन बोल्ट विसरू नका. त्यावर छोटी पट्टी वेल्ड करायची झाली तर टाकी उतरवून, रिकामी करून, जाणकाराकडूनच.

बीएस-६ गाड्यांचं धुराड्याचं अंगही आता महाग झालंय. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू असतात, म्हणून व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे गुन्हे महाराष्ट्रात नोंद झाले आहेत. पिकअपला गाडीखाली शिरायला जागा मोकळी असते. क्लॅम्पच्या नटांवर ठिपका मारण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. नाहीतर निदान रात्री गाडी अशी लावा की एका बाजूला भिंत येईल.

केबिनमध्ये दिसेल असं काहीही ठेवू नका. ग्लोव्ह बॉक्स उघडा आणि रिकामा ठेवून गाडी लावणारे जुने ड्रायव्हर असतात, त्यांचं बरोबर आहे. पैशांसाठी सीटच्या खाली, सीट पूर्ण उचलल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी, फरशीला बोल्ट केलेली छोटी पेटी करून घ्या. हजारेक रुपयांत हौदेवालाच करून देतो.

अख्खी गाडी जाऊ नये म्हणून

काही मॉडेलांना कंपनीचा इमोबिलायझर, म्हणजे मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय, येतो, काहींना नाही. डीलरला थेट विचारा. नसेल तर स्टार्टरच्या वायरमध्ये छुपा स्विच बसवता येतो. काम वॉरंटीत अडकणार नाही ना, ते आधी लिहून घ्या, आणि वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. जोड कपलरने आणि फ्यूजसह हवा. स्विच डॅशबोर्डखाली नको, चोर पहिला हात तिथेच घालतो.

डोळ्यांना दिसणारं एक कुलूपही हवं, गिअरला किंवा स्टीअरिंगला. ते तुटत नाही असं नाही. पण रांगेत पाच पिकअप उभ्या असतील तर बिनकुलपाची आधी जाते.

जीपीएस घेताना तीन गोष्टी बघा. आत स्वतःची छोटी बॅटरी असावी, म्हणजे मुख्य वायर कापली तरी काही वेळ ठिकाण कळतं. वायर कापल्याचा इशारा मोबाइलवर यावा. आणि सिमचा रिचार्ज कोण, कधी करणार हे ठरलेलं असावं, कारण वर्षभराने सिम बंद पडलेलं जीपीएस ही आपल्याकडे फार सर्रास दिसणारी वस्तू आहे. मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असेल तर ती गाडी उभी असतानाच वापरा. घाटात चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर ब्रेक आणि स्टीअरिंग जड होतात, आणि पुढे येणाऱ्या एसटीचा त्यात काही दोष नसतो.

फास्टॅगचा मोबाइल नंबर स्वतःचाच ठेवा, एजंटचा किंवा ड्रायव्हरचा नको. गाडी घरासमोर असताना टोल कापल्याचा मेसेज आला, तर गाडी कोणत्या दिशेला चाललीय हे लगेच कळतं.

मुक्काम

गाडीचं मागचं तोंड भिंतीला किंवा दुसऱ्या मोठ्या गाडीला लागून ठेवा, फाळका उघडताच येणार नाही इतकं. ढाबा निवडताना जेवणापेक्षा दिवा बघा. पेट्रोल पंपावर पंधरा-वीस लिटर डिझेल घेऊन मॅनेजरला ‘दादा, कॅमेऱ्यासमोर लावू का?’ असं विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. हौद्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे गाडीचा नंबर मोठा रंगवून घ्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी नियमातच आहे, आणि रात्री बिघडून उभ्या राहिलेल्या गाडीचा जीव तीच वाचवते.

भाडं ठरवताना माल काय, कुठून, किती वाजता, हे फोनवर चारचौघांत बोलू नका. मोबाइलची खोकी, तेलाचे डबे किंवा सिगारेट भरली असेल तर ढाब्यावर थांबण्यापेक्षा घरून डबा न्यावा.

विमा, आणि चोरी झालीच तर

पॅकेज पॉलिसी घेताना हौद्याचं बिल जोडून गाडीच्या किमतीत हौदाही धरायला सांगा. नाहीतर गाडी गेल्यावर भरपाई नुसत्या केबिन-चासीची मिळते. मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत टायर, दिवे, बंपर, मडगार्ड, रंग यांचं नुकसान एरवी वगळलेलं असतं. ते धरायचं असेल तर ‘आयएमटी २३’ हे कलम मागून घ्यावं लागतं, आणि एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही. गाडीचा विमा मालाला लागू होत नाही. मालाचा विमा व्यापाऱ्याचा आहे की तुमचा, हे बिल्टीवर स्पष्ट करून घ्या.

आजच करून ठेवायचं काम: इंजिन-चासी नंबर, पाचही टायरांचे नंबर, बॅटरीचा नंबर आणि हौद्याचे चारही बाजूंनी फोटो मोबाइलवर काढून घरच्या कुणालातरी पाठवून ठेवा. दोन्ही मूळ किल्ल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. गाडी चोरीचा दावा करताना कंपनी दोन्ही मागते. एक हरवली असेल तर ती हरवली तेव्हाच पोलिसांत तक्रार दिलेली बरी.

चोरी लक्षात आली की आधी ११२. कुलूप, फाळका, फाटलेली ताडपत्री यांना हात न लावता फोटो काढा. वाटेत चोरी झाली तर ‘ही आमची हद्द नाही’ असं ऐकून परत फिरू नका, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. मालवाहू गाडीतून माल चोरणं हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येतो, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीचं कलम ३०३ लावलेलं दिसलं तर नम्रपणे विचारा, साहेब, ३०५ का नाही?

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि लेखी मेल, दोन्ही करा. उशीर हे दावा नाकारण्याचं त्यांचं आवडतं कारण आहे. फायनान्सवाल्याला कळवा. फास्टॅग मात्र लगेच बंद करू नका, आधी पोलिसांना विचारा, कारण पुढच्या टोलनाक्याची नोंद त्यांना उपयोगी पडू शकते. तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ अहवाल देतात. त्याची नक्कल मिळाल्याशिवाय अख्ख्या गाडीचा दावा पुढे सरकत नाही, आणि ती आपोआप घरी येत नाही. दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन तपास अधिकाऱ्याला भेटायचं, आणि जाताना एफआयआर, आरसी आणि पॉलिसीच्या दोन-दोन झेरॉक्स खिशात ठेवायच्या.